शेजवळ मॅडमचा व्हिसा

आखातात जायचं होतं ते मिलिंदला. संध्या एजंटच्या ऑफिसात नुसती सोबत म्हणून गेली होती, कारण नवऱ्याला इंग्रजी समजायचं पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

मिलिंद शेजवळ अंबरनाथच्या एमआयडीसीत एसी मेंटेनन्सला होता. हात सोन्यासारखा, पण कंपनीने दोन वर्षं पगारवाढीचं नाव काढलं नव्हतं. बरोबरीची पोरं एकेक करून आखातात चालली होती. दोन हजार सहाच्या मे महिन्यात त्यानेही मनावर घेतलं आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, आखातात नोकऱ्या लावून देणाऱ्या हासानंदशेठच्या ऑफिसात पासपोर्ट घेऊन हजर झाला. खाली साड्यांचं दुकान, वर शेठचं ऑफिस. शेठ साठीचे, गोल चेहऱ्याचे, गिऱ्हाईक मराठी असलं तर हिंदीत मराठी घालून बोलणारे.

"टेन्शन नाय घ्यायचा," ते म्हणाले. "शारजाहून कंपनीचा माणूस फोनवर दोन सवाल विचारेल. बस."

फोन आला. मिलिंदने "यस सर" म्हटलं, परत "यस सर" म्हटलं, आणि तिसऱ्या प्रश्नाला कपाळावरचा घाम पुसत बायकोकडे बघितलं. संध्याने हळूच उत्तर सुचवलं. चौथ्या प्रश्नाला त्याने सरळ रिसीव्हरच तिच्या हातात दिला.

संध्याने सांगितलं की ती मिस्टर शेजवळ यांची पत्नी आहे, ते कामात पक्के आहेत, बोलायला बुजतात. मग तिनेच विचारायला सुरुवात केली. ओव्हरटाइम कसा मोजता? जेवण कंपनीचं की स्वतःचं? एका खोलीत किती माणसं? पलीकडचा माणूस आधी चिडला, मग नीट उत्तरं देऊ लागला, आणि शेवटी तिलाच "थँक यू, मॅडम" म्हणाला.

तिने फोन ठेवला तेव्हा हासानंदशेठ तिच्याकडे टक लावून बघत होते.

"मॅडम, तुम्ही काय करता?"

"टीचर आहे. इथेच, कॅम्प चारला. पाचवी ते सातवीला इंग्लिश."

"बीएड?"

"झालंय. बीए इंग्लिशमध्येच."

"शाळा देते किती?"

संध्याने खरा आकडा सांगितला. साडेचार हजार. आजूबाजूच्या खाजगी शाळांत हाच भाव होता, त्यात तिला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं.

शेठनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "गुस्सा नाय करायचा, भाऊ," ते मिलिंदला म्हणाले. "तुमको मिलेगा ग्याराशे दिरहम, म्हणजे तेरा-साडेतेरा हजार रुपये. एका खोलीत सहा माणूस. उधर शारजामें एक स्कूल इंग्लिश टीचर ढूंढ रहा है. पगार तुमच्या डबल, कदाचित जास्ती. मला विचाराल तर तुम्ही घरी राहा, मॅडमला जाऊ द्या."

मिलिंद हसला. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती.  पण बदलापूरला घरी पोचेपर्यंत संध्याच्या डोक्यात गिरणी सुरू झाली होती.

बेलवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती दोघं, सासू-सासरे आणि दुसरीत जाणारी लेक चिमी, अशी पाच माणसं. रात्रीच्या जेवणाला मिलिंदनेच विषय काढला, थट्टा केल्यासारखा. सासरे, किसनराव, घास हातात धरून थांबले.

"म्हणजे सूनबाई जाणार आणि तू इथे बसणार?"

"तेच तर," मिलिंद म्हणाला. "लोक काय म्हणतील? बायकोला पाठवलं परदेशात आणि हा बसलाय घरी पोरीच्या वेण्या घालत."

सासूबाई, शालनबाई, पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "तुझ्या बापाची कंपनी दीड वर्ष बंद होती, तेव्हा मी बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. लोक तेव्हाही बोलायचे. त्यातलं कोण तुझ्या शाळेची फी भरायला आलं होतं?" मग सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला जायचंय का? ते सांग आधी."

हा प्रश्न दिवसभरात कोणी विचारला नव्हता.

"जायचंय," संध्या म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा मोठाच वाटला. "पण मिळेल त्या पगारावर नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने चौकशी सुरू केली. बीएडला बरोबर असलेल्या शलाकाची नणंद शारजातच शिकवत होती. एसटीडी-आयएसडी बूथवरून तिला फोन लावला. नणंदेने हातचं न राखता सगळं सांगितलं. ज्या बायका नवऱ्यामागे तिथे आलेल्या असतात त्या घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून अठराशे-दोन हजार दिरहमवर शिकवतात, आणि शाळा तोच भाव सगळ्यांना लावून बघतात. भारतातून मुद्दाम नेलेल्या शिक्षिकेला राहायला जागा आणि वर्षाचं तिकीट मागता येतं. चांगल्या शाळा इंग्रजीला तीन हजाराच्या वरही देतात. "पण त्या आपणहून देत नाहीत गं," ती म्हणाली. "मागणारीला देतात. आणि एक लक्षात ठेव. टीचर असलीस आणि पगार बरा असला तर नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा तुला काढता येतो."

हे शेवटचं संध्याने मिलिंदला सांगितलं नाही. आधी स्वतःचं तर होऊ दे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शारजाच्या त्या शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपल वर्गीस मॅडम मुंबईला आल्या आणि एक दिवस उल्हासनगरला शेठच्या ऑफिसात मुलाखती घेऊन गेल्या. संध्या निळी सुती साडी नेसून गेली. मिलिंदही आला. बाहेरच्या बाकावर बसतो म्हणाला.

वर्गीस मॅडम मृदू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सर्टिफिकेटं बघितली आणि चष्म्यावरून विचारलं, "तुम्ही दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतात?"

"हो. बदलापूरच्या शाळेत."

"आमच्याकडे बऱ्याच उमेदवार कॉन्व्हेंटच्या असतात. इंग्रजी त्यांची घरचीच भाषा असते."

हाच दगड वाटेत येणार हे संध्याला माहीत होतं. "मॅडम, मला इंग्रजी पाचवीत भेटली," ती इंग्रजीतच म्हणाली. "एकेक वाक्य करत मी ती शिकले. कुठे अडखळायला होतं, कशाची लाज वाटते, ते सगळं मला पाठ आहे. तुमच्या शाळेत मल्याळी, सिंधी, पाकिस्तानी, इजिप्तची मुलं असतील. त्यांची तरी ती घरची भाषा कुठे आहे?"

वर्गीस मॅडमनी फाइल मिटली. "वर्ग घेऊन दाखवाल?"

शेठनी खालून, दुकानातून आणि शेजारच्या बिल्डिंगमधून पाच-सहा मुलं गोळा केली. सुट्टीतली, उन्हात खेळून तांबडी झालेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकमेकांना कोपरं मारू लागली. संध्याने फळा मागितला नाही. कोपऱ्यात कुणा व्यापाऱ्याने ठेवलेला जीन्सचा एक गठ्ठा पडला होता, त्यातली एक पँट उचलून तिने एका चुणचुणीत मुलीच्या हातात दिली.

"हे तुझं शॉप. मी कस्टमर. फक्त इंग्लिश."

मुलगी आधी लाजली. पण बापाच्या दुकानात वाढलेली पोर ती, भाव करायचा म्हटल्यावर तिला राहवेना. "थ्री हंड्रेड," ती म्हणाली.

"टू मच! व्हाय?"

"बिकॉज... बिकॉज कापडा गुड."

"द क्लॉथ इज गुड," संध्या म्हणाली. मुलीने तसंच म्हटलं. मग दुसरा पोरगा मध्ये घुसला, "माय शॉप! माय शॉप चीप!" तिसऱ्याने झिप तुटकी असल्याची तक्रार केली. झिपला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याने आधी विचारलं, आणि झिपच म्हणतात हे कळल्यावर तो इतका खूश झाला की सगळे हसले. पंधरा मिनिटांत भिंतीला टेकलेलं कोणी उरलं नाही. चुकलेलं वाक्य संध्या फक्त बरोबर करून परत म्हणायची, रागवायची नाही. शेवटी ती मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लास्ट प्राइस, मॅडम. टेक इट ऑर लीव्ह इट!" हे ती कुठे शिकली देव जाणे.

वर्गीस मॅडम डोळे पुसत हसत होत्या. मुलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "बावीसशे दिरहम. आणि तीन शिक्षिकांबरोबर शेअरिंगची खोली."

"मॅडम, पस्तीसशे," संध्या म्हणाली. "आणि फॅमिली फ्लॅट."

हासानंदशेठनी दारातच डोक्याला हात लावला.

"आमच्याकडे बावीसशेवर येणाऱ्या बायकांची रांग आहे," वर्गीस मॅडम म्हणाल्या.

"असेल. पण तुम्ही मला ऑफर दिलीत, त्याअर्थी त्या रांगेत तुम्हाला हवी ती सापडली नसेल."  मघाशी एका नऊ वर्षांच्या मुलीने कमरेवर हात ठेवून तीनशेचा आकडा सोडला नव्हता, मग आपण का सोडावा?

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी बत्तीसशेवर ठरलं. पहिले सहा महिने शेअरिंगची खोली, काम पसंत पडलं तर फ्लॅट आणि कुटुंबाचा व्हिसा. संध्याने शेवटची अट करारात घालून घेतली आणि मगच सही केली.

बाहेर मिलिंद बाकावर नव्हता, दाराशीच उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. जिन्यात तो म्हणाला, "कुटुंबाचा व्हिसा म्हणजे माझा?"

"तुमचा आणि चिमीचा."

"त्यावर माझा धंदा काय लिहितील? हाउसवाइफ?"

 राग आहे की थट्टा, संध्याला कळेना. मग त्याच्या मिशीखाली हसू फुटलं. "बावीसशेवर तू गप बसली असतीस ना, तर मला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. "आत येऊन मीच भांडलो असतो. मराठीत का होईना."

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिले तीन महिने सोपे नव्हते. फोनवर चिमी रडायची आणि संध्या बाथरूमचा नळ सोडून रडायची, कारण खोलीतल्या बाकीच्या तिघींनाही आपापली पोरं आठवायची. पण वर्गात ती पाय रोवून उभी राहिली. डिसेंबरच्या पालकसभेत तीन आयांनी येऊन विचारलं, पुढच्या वर्षीही आमच्या मुलांना याच मॅडम मिळतील का? फेब्रुवारीत वर्गीस मॅडमनी फ्लॅटची किल्ली तिच्या हातात ठेवली.

मार्चमध्ये चिमीला घेऊन मिलिंद शारजाच्या विमानतळावर उतरला. सहा महिन्यांत तो वेण्या घालायला शिकला होता, जरा वाकड्या, पण घट्ट. तिथे येऊन स्वतः कंपन्यांत फिरल्यावर त्याला दीड महिन्यात नोकरी लागली, तीही उल्हासनगरात ठरत होती त्यापेक्षा सहाशे दिरहम जास्त पगाराची. मुलाखतीला संध्या बरोबर नव्हती. तीन आठवडे रोज संध्याकाळी तिने त्याच्याकडून इंग्रजीत बोलून घेतलं होतं, कधी गिऱ्हाईक होऊन, कधी साहेब होऊन.

मिलिंदच्या पहिल्या पगाराच्या शुक्रवारी तिघं समुद्रावर गेली. शाळेतला एक पालक भेटला, आदबीने संध्याशी बोलला आणि मिलिंदकडे वळून त्याने विचारलं, आपण?

मिलिंदने हात पुढे केला. "आय अ‍ॅम मिसेस शेजवळ्ज हजबंड," तो म्हणाला. एकही अक्षर न अडखळता. मग चिमीचा हात धरून तो आइस्क्रीमच्या गाडीकडे गेला, आणि भाव करू लागला.