मोजपट्टी बाहेरून धरा
तीस वर्षं बॅटरीचा कारखाना चालवला, मग फुटबॉल संघटनेचं सचिवपद गाजवलं, आणि शेवटी बाईंनी एक क्लबच विकत घेतला. या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात, यांनी मैदान घेतलं! आज संघटना त्याच मैदानावर फुली मारायला निघाली होती.

"लांबी वीस सेंटिमीटर कमी. क्लब लीगमधून बाद," संघटनेच्या कचेरीत तपासनीसाने अहवाल वाचला.

निवडणुकीत बाई विरोधात गेल्याचा राग अध्यक्षांच्या पोटात होताच. ते गालातल्या गालात हसले. "नियमावर सही तुमचीच आहे, बाई."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "नियम बरोबर आहे, मोजणी चुकली! यांनी पट्टी रेषांच्या आतून धरली. दोन टोकांच्या बारा-बारा सेंटिमीटरच्या रेषा मैदानातच धरतात. बाहेरून मोजा, चार सेंटिमीटर जास्त भरेल."

"असं?" अध्यक्ष म्हणाले. "मग सचिव असताना नदीपलीकडचं मैदान तुम्ही आतूनच मोजून बंद केलंत ना? तो क्लब बुडाला. तुमची चूक झाली, असं लिहून देता?"

बाईंची नजर वळली. दाराशी त्यांचा माळी उभा होता, त्या बुडालेल्या क्लबचा कप्तान. चूक बाईंना मागेच कळली होती. त्यांनी त्याला कामावर घेतलं, पगार वाढवला, पण खरं सांगायची वेळ आली की मूग गिळून बसायच्या. लाज वाटायची, दुसरं काय!

"देते की! भिते की काय कुणाला?" त्यांनी कागद ओढला, चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि माळ्याकडे बघत मोठ्याने वाचल्या. "आता चला मैदानावर. एक टोक मी धरते."

दुसरं टोक माळ्याने हातात घेतलं.

"माफ कर रे," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी मीही हेच सांगत होतो, बाहेरून धरा म्हणून. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

तो टोक घेऊन पलीकडच्या रेषेकडे गेला. बाईंचे डोळे भरले, पण पट्टी ढिली पडली नाही.

"भरलं," तपासनीस पुटपुटला.

"मोठ्याने बोला! अध्यक्षांना ऐकू जाऊ दे." मग त्या माळ्याकडे वळल्या. "पट्टी गुंडाळ आणि गाडीत बस. नदीपलीकडचं मैदान अजून मोकळंच आहे ना? तेही आजच मोजायचं. आणि तिथे मी मध्ये बोलणार नाही."