मॅडमची चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. पीठ चाळायची नव्हे, माती चाळायची. पितळेची कड, तिच्यात ताणून बसवलेली तारेची जाळी आणि प्रत्येक भोक बरोबर दोन मिलीमीटरचं. वनस्पती आणि मृदा विज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली. माझी गोष्ट ऐकून कोणी मला शाबासकी देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काम तसं साधं. शेतातून माती यायची, सावलीत कागदावर वाळायची, तिची ढेकळं फोडली जायची आणि मग ती माझ्यावर ओतली जायची. बारीक माती खाली ताटलीत पडायची, खडे आणि मुळं वर राहायची. खाली पडलेली मातीच पुढे तपासणीला जायची. मी सोडेन तीच माती, असा माझा तोरा होता.

आमच्या विभागप्रमुख मॅडम विद्यार्थिनी होत्या, तेव्हा त्यांच्या सरांनी मला त्यांच्या हाती दिलं. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, मग प्रमुख झाल्या. कपाटात नव्या चाळणी आल्या, पण मॅडमच्या विद्यार्थ्यांनी माझ्यावरच चाळायचं, असा रिवाज पडला. पाहुणे आले की मॅडम मला उचलून दाखवायच्या. म्हणायच्या, "ही कधी खोटं बोलत नाही." मी नुसती फुगून जायची.

एक दिवस माझी जाळी कडेपासून सुटली. जेमतेम बोटभर फट, सहज दिसायची नाही. पण प्रयोगशाळा सांभाळणारे काका मला पुसत होते, त्यांचं बोट तिथं अडलं. ते तडक मॅडमकडे गेले.

"मॅडम, ही चाळण फाटलीय. बाद करावी लागेल."

मॅडमनी कागदांतून डोळे वर केले, ते असे की काका एक पाऊल मागे सरले. "काका, विभागातलं काय वाटेल ते बाद करा. तिला हात लावायचा नाही."

काकांनी मला परत जागेवर ठेवलं. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. भंगारात जाण्यापेक्षा फाटकी तर फाटकी, मॅडमची राहिले ना! आज मला त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते.

विभागात पीएचडी करणारी एक मुलगी होती. दिवसभर मातीच्या पिशव्या वाहायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिचे तीनशे नमुने माझ्यावर चाळले गेले. फाटकी बाजू खाली झुकली की बारके खडे निसटायचे, वर राहिली की नाही. एकाच पिशवीतल्या मातीचे दोन वेगळे आकडे येऊ लागले. दुसऱ्या एका संस्थेत मुंगीची निवड झाली होती, पण प्रबंध त्याच वर्षी पुरा झाला तरच जागा पक्की. पोरगी रडकुंडीला आली.

सोमवारच्या बैठकीत तिनं धीर केला. "मॅडम, मला वाटतं चाळणीत काहीतरी..."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. चहाचे कप गोळा करणारे काका तेवढे हसले नाहीत. मुंगीनं वही मिटली. त्यानंतर तिनं चाळणीचं नाव काढलं नाही, चाचण्या मात्र पुन्हा पुन्हा करत राहिली.

आठवड्यानं मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलांना माती चाळून दाखवायला उभ्या राहिल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून गोल फिरवलं. टण्ण! ताटलीत खडा पडला. मग दुसरा. मॅडमचे हात थांबले. मुलांना काही कळलं नाही. मॅडमनी खडे तळव्यानं झाकले आणि म्हणाल्या, "आजचा तास इथंच थांबवू."

आपल्या खोलीत त्यांनी मला खिडकीपाशी धरलं. त्यांचा अंगठा फटीतून आरपार गेला. मग त्यांनी मला कपाटात ठेवून किल्ली फिरवली. तीन दिवस बाहेरून त्यांचे फोन ऐकू येत होते, लोक सह्या घेऊन जात होते. मला वाटलं, बरंच झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बघा, अजूनही माझी खोड गेली नव्हती!

चौथ्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं.

"काका, तुम्ही सांगितलं होतंत. परत का नाही सांगितलंत?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही ज्या नजरेनं बघितलंत ना मॅडम, त्यानंतर माझी जीभच रेटली नाही."

पुढच्या बैठकीत मॅडमनी मला टेबलावर ठेवलं आणि मुंगीकडे बघत त्या उभ्या राहिल्या. "हिचे आकडे चुकले ते या चाळणीमुळे, आणि चाळण राहिली ती माझ्यामुळे. हिला मी तुमच्यासमोर हिणवलं, म्हणून माफीही तुमच्यासमोरच मागते."

मुंगी म्हणाली, "राग गेला असं नाही म्हणणार, मॅडम. अजून आहे."

"असू दे," मॅडम म्हणाल्या.

जेवढी माती शिल्लक होती, तेवढी मॅडमनी मुंगीशेजारी बसून नव्या चाळणीनं पुन्हा चाळली. दोघी फारशा बोलत नसत. बाकीच्या नमुन्यांसाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. मॅडमनी त्या संस्थेला आपली चूक कळवली, पण जागा गेली ती गेलीच.

मॅडमनी मला भंगारात टाकलं नाही. प्रयोगशाळेच्या दाराशी टांगलं आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, 'ही चाळण फाटली आहे, हे मला सांगितले होते. मी ऐकले नाही. – विभागप्रमुख.' नवी मुलं ते वाचतात आणि हळूच मॅडमच्या खोलीकडे बघतात. मॅडमना आतून ते दिसतं. तरी त्या दार लावून घेत नाहीत.

मित्रांनो, तुमचीही एखादी लाडकी वस्तू असेल. जपा तिला, पण अधूनमधून उजेडात धरून बघा. आणि कोणी म्हणालं की ती फाटलीय, तर त्याला हसू नका, त्याचं पुरतं ऐकून घ्या. मॅडमनी ऐकलं नाही, मी मनातल्या मनात खूश झाले, आणि भोगलं मात्र मुंगीनं.