हाताविना चालणारं यंत्र

तांता शहरातल्या आमच्या इस्पितळाच्या फाटकाशी सकाळपासून झुंबड उडाली होती. यंत्रमानवाने कुणाच्या तरी आतड्यातली गाठ काढली आणि पोटावर ओरखडासुद्धा नाही, एवढंच लोकांना कळलं होतं. बाकीचं चहावाला मिदहत पुरवत होता.

"माणसाचा हात लागत नाही! यंत्र नुसतं जवळ आलं की गाठ विरघळते! आत जायची ऐपत नाही? त्याच्या हाताला लावलेला हा कापूस घ्या, रात्री पोटावर बांधा!"

कापूस समोरच्या औषधाच्या दुकानातला होता. मी इथला भूल देणारा डॉक्टर. मला कुणी विचारलं नाही.

हज्जा नबविया या म्हाताऱ्या बाईच्या मोठ्या आतड्यात पसरट गाठ होती, दुर्बिणीने निघता निघत नव्हती. अजून कर्करोग दिसत नव्हता, पण ठेवली तर कधी होईल याचा नेम नव्हता. ऑपरेशनच्या दिवशीच ती पोटाला कापूस बांधून घरी निघाली.

"कापसाने भागतंय तर चिरफाड कशाला, बेटा?"

ऑपरेशन करणाऱ्या डॉ. शहीरा वाद घालत बसल्या नाहीत. हज्जाला टोपी-गाऊन चढवून त्यांनी थेट ऑपरेशनच्या खोलीत नेलं. स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, भिंगाला डोळे लावले, बोटं यंत्र चालवायच्या कड्यांत अडकवली. पलीकडे यंत्राच्या चिमट्याने हज्जाच्याच कापसाचा एक तंतू अलगद ओढून काढला.

"या अल्लाह!"

शहीराबाईंनी डोळे बाजूला केले. चिमटा जागीच थांबला.

"का गं थांबलं?"

"मी थांबले म्हणून, हज्जा."

"म्हणजे माझ्या आत तुझाच हात फिरणार?"

"माझाच. चिमटे शौचाच्या वाटेने आत जातात, म्हणून पोटावर खूण राहत नाही."

हज्जा विचारात पडली. "न्याहारी केलीस का, पोरी? आधी खा. उपाशीपोटी हात थरथरतो."

बाईंनी तिच्यादेखत पाव आणि चीज खाल्लं. मग मी हज्जाला भूल दिली.

गाठ अखंड निघाली. तपासणीत तिची एक कड बिघडायला लागलेली दिसली. आणखी काही महिने कापसावर काढले असते, तर दुखणं हाताबाहेर गेलं असतं. मिदहतचा खरा राग मला तेव्हा आला.

घरी जाताना हज्जाने फाटकात सगळ्यांना सुनावलं, "यंत्र कसलं डोंबलाचं! सगळं त्या बाईच्या हातात आहे!"

झालं. गर्दी बाईंच्या हाताला शिवायला धावली. मिदहतने नवा कापूस पुढे केला.

बाईंनी दोन्ही हात खिशात घातले. "या हातांत काही नाही. वर्षानुवर्षं शिकलेय, एवढंच. शौचातून रक्त जात असेल तर लाजू नका, तपासायला या. गाठ कापसाला भीत नाही."

तिघं आत आले. बाकीच्यांसाठी मी हे लिहितो आहे.