पडद्याचं शिसं

तुलूझच्या त्या विमान कारखान्यात एक रीत होती. नवं विमान पहिल्यांदा उडायचं, तेव्हा ते बांधणाऱ्यांपैकी एकानं आत बसायचंच. स्वतःच्या हातावर ज्याचा भरवसा नाही, त्यानं दुसऱ्याचा जीव का टांगावा? सुतार बसून झाले, लोहार झाले. या खेपेला पाळी शिवणखात्याची होती, आणि युलालीनं गृहीतच धरलं होतं की आपल्याशिवाय आहे कोण.

आजवरची विमानं नुसतं टपाल न्यायची. या नव्यात पिशव्यांच्या मागे दोन माणसंही बसणार होती. पंखांवरचं कापड सगळं युलालीनं शिवलेलं. पण आराखडा करणारे मुस्यू बार्थ त्या पंखांकडे बघतील तर शपथ. ते रमले खुर्च्या नि पडद्यांत, आणि पडदे शिवले होते काल आलेल्या सिदोनीनं. "सिदोनी बसेल," म्हणाले.

युलालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पंख माझे, नि मिरवणार ही पडदेवाली? हिला सुई धरायला शिकवलं कोणी?

प्रवाशाला आधी कपड्यांसकट काट्यावर उभं करत. साठ किलोवर गुंजभरही चालत नसे. टपाल खाली राहायचं नाही, माणूस राहिला तरी चालेल. सिदोनी भरल्या अंगाची. दुपारी बायका घेवड्याचं कालवण खायला गेल्या, तेव्हा युलालीनं तिच्या कोटाचा काठ उसवला आणि पडदे सरळ लोंबावेत म्हणून त्यांत घालतात त्या शिशाच्या गोळ्या आत शिवून टाकल्या. टाके नेहमीसारखेच बारीक घातले.

आनंदाच्या भरात सिदोनीला कोट जड लागलाच नाही. मैदानावर काटा मात्र साठच्या पुढे गेला.

"कालवण जास्त झालं वाटतं," वैमानिक म्हणाला. सिदोनीही हसली, पण तिचे डोळे भरून आले.

"मग युलाली, तुम्ही या," मुस्यू बार्थ म्हणाले.

काटकुळी युलाली लगबगीनं पुढे झाली.

"थांबा मादाम," सिदोनी म्हणाली. "वर गारठा असतो म्हणे. शाल पातळ आहे तुमची, माझा कोट घाला."

तिनं कोट काढला, तसा त्याचा काठ काट्याच्या लोखंडी पाटावर खट्ट आपटला. शिवणखात्यातल्या प्रत्येक बाईला तो आवाज ठाऊक होता. सिदोनीनं काठ चाचपला, टाके निरखले. इतके बारीक टाके कारखान्यात एकच बाई घालायची.

"पडद्याचं शिसं राहिलंय यात, मुस्यू," ती म्हणाली. "पुन्हा चढू का?"

कोटाशिवाय काटा साठच्या आत राहिला. सिदोनीनं कोट युलालीच्या हातात दिला आणि हलकेच विचारलं, "पंखांचे टाकेही असेच घातलेत ना, मादाम?"

"असेच," युलाली कशीबशी म्हणाली.

"मग मला भीती नाही."

विमान वर गेलं. युलाली तो जड कोट धरून खाली उभी राहिली. पोटातली आग विझली म्हणता? छे. आपण तिच्या जागी असतो, तर असं पांघरूण घालणं आपल्याला जमलं नसतं, हे कळल्यावर ती जास्तच भडकली.