रुद्रेश चषकाची फायनल

महाशिवरात्रीला तेलगावात शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान बंद असायचं. उपास म्हणून नाही हो, फक्कीसाठी! दुसऱ्या दिवशी फुटबॉलची फायनल, आणि मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारायच्या त्या अप्पांनीच. दुसऱ्या कुणी त्या डब्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. नऊ वर्षांत एकदाही खाडा नव्हता.

सत्त्याण्णव सालची शिवरात्र. निम्मी फक्की मारून झाली होती, तेवढ्यात शाळेतले राधाकिशन गुरुजी सायकल टाकून धावतच आले. हातात पेपर.

"अप्पा, थांबवा ते. फायनल हितं न्हाई."

"मग काय बीडला नेली?"

"शारजाला! उद्याच हाय."

अप्पांना हसूच आलं. शारजाचं नाव गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण ते क्रिकेटमुळं. तेलगाव विरुद्ध शिरूर कासार ही मॅच शारजात?

"गुरुजी, सकाळी सकाळी भांग घेतली का वो?"

गुरुजींनी पेपर पुढं केला. विमानतळावरचा फोटो. मधोमध क्रीडा मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह, गळ्यात हार, डोळ्यांवर काळा चष्मा. मागं दोन्ही टीमा. शर्टावर एकीकडं तेलगाव, दुसरीकडं शिरूर कासार, आणि बावीस तोंडांत ओळखीचं एक नाही! पासपोर्ट असलेली पोरं पुण्याहून गोळा केलेली. तेलगावची खरी अकरा पोरं त्या घटकेला पाराखाली शेंगा फोडत बसली होती. शिरूरची पोरं ऊसतोडीतून दोन दिवसांची सुट्टी काढून संध्याकाळच्या एसटीनं येणार होती. खाली बातमी होती: एका कोल्ड्रिंकवाल्या कंपनीच्या मदतीनं बीडचा फुटबॉल सातासमुद्रापार.

अप्पांच्या हातातला डबा सुटला. पांढरा चुना पायावर सांडला, तरी ते तसेच उभे राहिले.

आता ह्या माणसाला एवढा धक्का का बसावा, तेही ऐका. रुद्रेश हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. विसाव्या वर्षी काविळीनं गेला. गोलकीपर होता, आडदांड, हसरा. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला पुरलं ते अप्पांच्याच वावरात, आणि समाधीला लागून असलेली दोन एकर जमीन अप्पांनी मैदानाला देऊन टाकली. तिथंच रुद्रेश चषक सुरू झाला. फायनलच्या आधी त्याची आई नीलम्मा दोन्ही गोलकीपरांच्या कपाळाला भस्म लावायची, त्यांच्या गालांवरून हात फिरवायची आणि मगच शिट्टी वाजायची. वर्षभर ही बाई तोंडातून शब्द काढायची नाही. त्या एका दिवशी मात्र हसायची, पोरांना नावानं हाका मारायची. अप्पा वर्षभर त्या एका दिवसावर जगत होते. बाकी कपबिप गेला खड्ड्यात!

घरी आले तेव्हा नीलम्मा इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली होती. समोर वाटीत उद्याचं भस्म चाळून ठेवलेलं. अप्पांना लपवता येईना. त्यांनी सांगून टाकलं.

तिनं लिंगावरची नजर उचलली. मग म्हणाली, "कुनी सुचवलं हे?"

"म्हाईत न्हाई. कमिटीनं केलं म्हनं."

"माझ्या हातात लिंग हाय, ऐका." तिनं तळहात पुढं केला. "ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याचं तोंड मी मरेस्तोवर बघायची न्हाई. मग तो कुनी का असंना."

"बरं बोललीस! त्याचं नाव आनून देतो तुला," अप्पा म्हणाले, आणि चुन्याचे पाय घेऊन तसेच मोहनरावांच्या बंगल्यावर गेले.

मोहनराव म्हणजे अमरसिंहाचे वडील. तालुक्याचं राजकारण ह्यांच्या ओसरीवर शिजायचं. ते झोपाळ्यावर बसून भगर खात होते.

"मोहनराव, माझ्या पोराची मॅच कावून इकली वो तुमी?"

"अप्पा, बसा की. इकली कशानं? जग खुलं झालंय आता. रुद्रेशचं नाव टीव्हीवर दिसंल..."

"कुनाच्या डोक्यातून निघालं? एक नाव सांगा. फकस्त एक."

मोहनरावांनी ताटली खाली ठेवली. का कोण जाणे, त्यांनी अप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मंडळाचा कारकून आसाराम कोपऱ्यात बसला होता, त्याला म्हणाले, "आसाराम, ठरावबुक आन."

"मालक, ऱ्हाऊ द्या ना. सणाचा दिस हाय."

"आन म्हनतो ना!" अप्पाच गरजले.

आता ठरावबुकाची आपल्याकडची तऱ्हा तुम्हाला सांगायला नको. सोसायटी असो, भजनी मंडळ असो, आधी चहा, मग सह्या आणि ठराव मागाहून कारकुनाच्या सवडीनं. क्रीडा मंडळाच्या दिवाळीतल्या मीटिंगलाही तेच झालं होतं. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून अप्पांनी उभ्या उभ्या कोऱ्या पानावर सही ठोकली होती. "तुमी लिवा काय ते," म्हणून वर हसलेही होते.

आसारामनं पान उघडलं. ठराव क्रमांक चार. रुद्रेश चषकाचा अंतिम सामना यंदा शारजा येथे घेण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.

आणि खाली, सूचक: श्री. शिवलिंगअप्पा.

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. सही त्यांचीच होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढायची त्यांची खोडच होती.

"हे... हे मी कवा सुचवलं बे?"

"जमीन तुमची, पोरगा तुमचा," आसाराम रडकुंडीला आला. "पैल्या वर्षापासून दर ठरावाला सूचक म्हनून तुमचंच नाव टाकतो, अप्पा. तुमचा मान हाय तो."

मान! अप्पांच्या कानात नुसतं सुंई वाजायला लागलं. भांडायला आलेला माणूस, पण भांडायचं कुणाशी? मोहनराव काहीतरी बोलत होते, पुढच्या वर्षी दणक्यात करू, असलं काहीतरी. अप्पा उठले. बंगल्यापासून घरापर्यंत ते कसे आले, वाटेत कोण भेटलं, काही म्हणजे काही त्यांना आठवलं नाही.

दारात आल्यावर उंबऱ्यावर उचललेला पाय त्यांनी मागं घेतला. घराकडं पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

आतून नीलम्मानं विचारलं, "आलात? नाव कळलं का?"

"कळलं."

"मग सांगा की. आन असं पाठ फिरवून कावून हुबे?"

"नीलम्मा," अप्पा म्हणाले, "तू भाईर येऊ नको. माझं तोंड बघू नको."

आतून तिचा एकच शब्द आला, "तुमी?"

"कोऱ्या कागदावर सही केली मी. वाचलं न्हाई."

बांगड्या वाजल्या. नीलम्मा बाहेर आली ती पदर हनुवटीपर्यंत ओढून. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिनं नवऱ्यापुढं असा पदर कधी घेतला नव्हता. हातात भस्माची वाटी. दुसऱ्या हातानं भिंत चाचपत ती अप्पांच्या बाजूनं पायऱ्या उतरली आणि मैदानाच्या वाटेला लागली.

"अगं, कुठं निघालीस?" अप्पा मागून ओरडले. "फायनल न्हाई आता! तिथं कुनी गोलकीपर न्हाई!"

ती थांबली. वळली मात्र नाही.

"एक हाय," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली, तितंच हाय."