देवाची जुडी

भाग्यश्रीचं बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं. कधी पुढे सरके, कधी मागे, कधी ओढणीचं टोक पिळे. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये ती आधी एकदा आपटली होती. तेव्हाच आईने, नवसाबाईने, बजावलं होतं, "परत नापास झाली तं कॉलेज बंद. मळ्यात कोथिंबीर उपटायला मला माणूस नाय." आणि नवसाबाई एकदा बोलली की बोलली, घरात कुणाची तिच्यापुढे डाळ शिजत नसे.

प्रश्न दिसायला गरीब होता. पाच आकडे पाच खणांत ठेवलेले, त्यांतला सगळ्यांत मोठा शोधायचा. आकडे खणांत भरायचा भाग लिहून दिलेला होता, शोधायचा भाग हिने लिहायचा. तिने लिहिला, मनाचे आकडे घालून पाहिला, उत्तर बरोबर आलं. जीव भांड्यात पडतोय तोच परीक्षक आले आणि त्यांनी आपले आकडे घातले: ९१, ४०, ६७, १२, ३८.

पडद्यावर आलं ६७.

"बघा जरा. शेजारचं तपासून येतो," म्हणत ते संघर्षच्या कॉम्प्युटरकडे वळले.

संघर्षचं काम नेहमीच चोख. म्हणजे सर आत्ता परत येणार. भाग्यश्रीने अर्धविराम तपासले, कंस तपासले. सगळं जागच्या जागी. एवढे थोरले ९१ समोर बसलेत आणि या ठोंब्याला दिसत कसे नाहीत? तिला रडू यायला लागलं. शेवटी ती बोटांवर खण मोजायला बसली, आणि चारच भरले.

तिने हाताकडे पाहिलं. करंगळी मिटून बाजूला ठेवली होती.

घरी जुड्या मोजताना पहिली जुडी देवाची. ती बाजूला काढायची, मोजायची नाही. दुसरीपासून 'एक' म्हणायचं. कळायला लागल्यापासून ती असंच मोजत आली होती, आणि इथेही हात आपसूक पहिला खण सोडून गेला होता. ९१ देवाला गेले होते!

कॉम्प्युटर पहिल्या खणाला शून्य म्हणतो. तिने शोध एकापासून, म्हणजे दुसऱ्या खणापासून, सुरू केला होता; त्या एकाच्या जागी शून्य केलं. ९१ आले, तेव्हा सर मागेच उभे होते.

"पहिला का सोडला होता?"

चुकून, असं म्हणता आलं असतं. पण खोटं तिच्या तोंडातून धड निघत नसे. "सर, आमच्यात पहिली जुडी देवाची असते. मोजत नाहीत."

सर खळखळून हसले. "इथे देवालाही रांगेत उभं राहावं लागतं," म्हणाले आणि तिला पास करून पुढे गेले.

संध्याकाळी मळ्यात आई उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधत होती. भाग्यश्री बांधावर बसली, उठली, परत बसली. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे देवाला मोजला तू?"

"मोजला, तवा पास झाले."

नवसाबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिने जुड्या मोजायला घेतल्या. पहिली उचलून कपाळाला लावली, रोजच्यासारखी बाजूला ठेवली.

आणि दुसरीला हात लावायच्या आधीच म्हणाली, "एक."

मग लेकीकडे न बघताच बोलली, "ऊठ, घरी जा. सकाळी कॉलेजला जायचं ना तुला?"