नंबर गेलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे, आणि मला भीती वाटते. रस्त्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. माझी हकिगत ऐका, मग सांगा.

सौसर आणि पांढुर्णा या दोन गावांच्या मधल्या मुलखात मी राहतो. काळ्या मातीतून, कपाशीच्या आणि संत्र्यांच्या बागांमधून मी वळणं घेत जातो. मला बांधलं तेव्हा टेकडीचा दगड हातांनी फोडला होता. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तो टाकत होत्या. त्यांची लेकरं बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत झोपलेली असत. मग कोळशावर चालणारा रोलर आला. त्याच्या वजनाखाली मी पहिल्यांदा घट्ट झालो, माझ्या अंगावर डांबर पडलं आणि मी रस्ता झालो.

मला नंबरही मिळाला. मी राज्याचा मार्ग होतो. माझ्या कडेच्या दगडांची डोकी हिरवी रंगवून त्यांवर तो नंबर काळ्या अक्षरांत लिहिला होता. कोणता नंबर ते मी सांगणार नाही, कारण तो आता दुसऱ्या रस्त्याचा आहे आणि त्यात त्या रस्त्याचा काही दोष नाही.

ते दिवस चांगले होते. कापसाच्या गाड्या रांगेनं जिनिंगकडे जात. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकून शेतातली माणसं मान वर करत. सरकारी बस दिवसातून दोनदा यायची. तिचा ड्रायव्हर कंडक्टरला म्हणायचा, "या रोडनं गेलं का पोटातलं पाणी नाई हालत, बाप्पा!" ते ऐकून मला किती बरं वाटायचं! पावसाळ्याआधी रस्तादुरुस्तीच्या गँगची माणसं येत. माझ्या कडेच्या नाल्या साफ करत, खड्डे भरत आणि पुलांखालचा गाळ काढत. इकडे लहान पुलाला पुलिया म्हणतात. मधल्या नाल्यावरची पुलिया माझी सर्वांत आवडती होती. तिच्या कठड्यावर बसून माणसं डबा खात.

मग पलीकडे चार पदरी मोठा रस्ता झाला. नकाशे घेऊन साहेब लोक आले, जीपला टेकून बोलले आणि निघून गेले. थोड्या दिवसांनी चुन्याची बादली घेऊन एक माणूस आला आणि त्यानं माझ्या दगडांवरचा नंबर पुसला. त्यानं काही वाईट केलं नाही. त्याला सांगितलेलं काम तो करत होता, तोंडानं गाणं गुणगुणत. पण माझ्या अंगावरून थंडगार काहीतरी गेलं. भीती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर गँग आली नाही. बस बंद झाली. घाणेरीची झुडपं दोन्ही कडांनी माझ्यावर वाकू लागली. तरी माणसं माझ्यावरून जातच होती, कारण मोठ्या रस्त्यानं फार फेरा पडतो. वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना मीच जवळ होतो. म्हणजे मित्रांनो, मी कुणाचाच नव्हतो आणि सगळ्यांचा होतो.

गेल्या पोळ्याच्या आसपास मोठा पूर आला. नाला पुलियाच्या वरून वाहिला. पाणी उतरलं तेव्हा लोकांनी येऊन पाहिलं आणि ते खूश झाले. "पाहा बरं, जुनं काम कसं टिकलं!" असं एक जण म्हणाला.

पण टिकलं नव्हतं. पाण्यानं पुलियाच्या भिंतीमागची माती ओढून नेली होती. खालचे दगड एकेक करून निखळले होते. वर नुसती डांबराची आणि खडीची साल उरली होती. वरून मी धडधाकट दिसत होतो आणि आतून पोकळ झालो होतो. हे फक्त मला माहीत होतं.

तुम्हाला कधी असं स्वप्न पडलं आहे का, की समोर काहीतरी भयंकर होणार आहे, तुम्ही ओरडता आणि तोंडातून आवाजच फुटत नाही? माझं तसं झालं, आणि ते स्वप्न नव्हतं. सायकल आली की मी घाबरायचो. मोटरसायकल आली की खालून खडे सुटून पाण्यात पडायचे. डुबुक, डुबुक. तो आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. सकाळी शाळेची ऑटो यायची. रोशन नावाचा तरुण ती चालवतो. पलीकडच्या वस्त्यांवरची लेकरं आणि त्यांच्या उषा मॅडम तिच्यात दाटीवाटीनं बसलेल्या असतात. लेकरं गात यायची आणि पुलियावर मुद्दाम जोरानं ओरडायची, कारण तिथं आवाज घुमतो. ऑटो पार झाली की मी सुटकेचा श्वास टाकायचो आणि लगेच मनात यायचं, उद्या काय?

दसरा झाला. संत्र्यांची तोड सुरू झाली. आता भरलेल्या गाड्या येणार होत्या. माझी भीती दुप्पट झाली.

पुलियाजवळच्या वस्तीत शांताबाई राहते. एकटीच आहे. चार शेळ्यांवर तिचं चालतं. त्या सकाळी तिचं एक करडू उतारावरून घसरत नाल्यात गेलं आणि पुलियाखाली शिरून बें बें करू लागलं. शांताबाई त्याला शिव्या देत, लुगडं सावरत खाली उतरली. करडू काखोटीला मारून वळताना तिनं सहज वर पाहिलं आणि ती तिथंच खिळली. जिथं दगडांची भिंत असायला हवी, तिथं अंधारी पोकळी होती. डोक्यावर काळं डांबर लटकत होतं आणि एका भेगेतून आभाळ दिसत होतं.

"अगं माय माय माय!" ती म्हणाली.

मित्रांनो, किती दिवसांनी कुणाला तरी कळलं होतं! पण ती एकटी होती, आणि तेवढ्यात वरून पिकअपचा आवाज आला.

ती गाडी केशवरावांची. त्यांची संत्र्यांची बाग जवळच आहे. माणूस मेहनती, पण तापट. गाडीत कॅरेटं काठोकाठ भरली होती आणि त्यांना पांढुर्ण्याच्या बाजारात वेळेवर पोचायचं होतं. शांताबाई धापा टाकत वर आली, करडू खाली ठेवलं आणि पुलियाच्या अलीकडे सरळ माझ्या मधोमध बसली.

केशवरावांनी करकचून ब्रेक मारला. "अवो शांताबाई, याड लागलं का तुले? उठ!"

"नाई उठत. पुलियाखाली काईच नाई रायलं, भाऊ. नुसतं डांबर लटकून राहिलं."

"काल तं गेलो ना मी इथून!"

"काल गेले ते नशीब समजा. उतरून पाहा खाली."

"इथं माल तापून राहिला, अन् मी खाली उतरू? तुह्या शेळीच्या नादानं?" त्यांनी जोरात हॉर्न वाजवला. शांताबाई कानांवर हात ठेवून बसली. गरीब बाई, आणि समोर गावातला मोठा शेतकरी. तिला त्यांचीही भीती वाटत असणार. पण ती हलली नाही.

एवढ्यात पलीकडच्या उतारावर लेकरांचं गाणं ऐकू आलं.

शांताबाईनं मान वळवली. शाळेची ऑटो येत होती. ती बसली होती या काठाला आणि ऑटो होती त्या काठाला. मध्ये पोकळ पुलिया.

"रोशन! थांब रे! थांब!" ती उभी राहून ओरडली. ऑटोचा फटफटाट आणि लेकरांचा आवाज, त्यात तिचं कोण ऐकणार? आता केशवरावांचाही चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवला. रोशनला वाटलं, भाऊ 'लवकर ये' म्हणतात. त्यानंही आनंदानं हॉर्न दिला आणि वेग वाढवला.

मग शांताबाई धावली. नाल्यात उतरून पलीकडे चढायला वेळच नव्हता. ती माझ्यावरूनच धावली, पदर हातात धरून, तो हवेत फिरवत. मित्रांनो, माझ्या अंगावरून आजवर दगडांचे ट्रक गेले, कापसाच्या गाड्या गेल्या. पण त्या अनवाणी पायांची जेवढी भीती मला वाटली, तेवढी कशाचीच कधी वाटली नव्हती. मी जीव मुठीत धरून होतो. खडे सुटत होते. धर, धर, मी स्वतःला सांगत होतो, अजून थोडा धर.

मला धरता आलं नाही. दुसरा काठ हाताशी आला असताना तिच्या पायाखालची साल फुटली. ती काखेपर्यंत आत गेली. दोन्ही हात वर, पाय खाली लोंबकळलेले.

रोशननं ते पाहिलं. ऑटोची चाकं किंचाळली आणि ती पुलियाच्या अगदी तोंडाशी थांबली. गाणं बंद झालं. मग लेकरं रडू लागली.

रोशन उडी मारून पुढे झाला.

"येऊ नको रे!" शांताबाई ओरडली. "पयले लेकरं मांगं ने!"

उषा मॅडमनं लेकरांना खाली उतरवलं. "एकमेकांचा हात धरा. मांगं पाहू नका. चला," असं म्हणत त्यांनी सगळ्यांना उतारावर वर नेलं. रोशननं ऑटो ढकलत मागे घेतली.

इकडे केशवरावांनी कॅरेटांना बांधलेला दोर ओढून सोडला. कॅरेटं धडाधड खाली पडली, संत्री माझ्यावरून घरंगळत गेली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. दोर खांद्यावर टाकून ते नाल्यात उतरले, गुडघाभर पाण्यातून पार झाले आणि हातापायांवर रांगत दुसरा काठ चढले. रोशननं दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधून बाभळीच्या बुंध्याला पाय रोवले. केशवराव पोटावर झोपून सरकत सरकत पुढे गेले. त्यांच्या छातीचे ठोके माझ्या अंगाला लागत होते. त्यांनी शांताबाईच्या काखेतून दोराचा फास घातला.

"घाबरू नको, बाई. मी धरलं तुले."

"भेव लागून राहिलं, भाऊ," ती हळूच म्हणाली.

"मले बी," केशवराव म्हणाले.

दोघांनी ओढलं. ती बाहेर आली, मातीवर आदळली आणि कण्हली. तिचा पाय मोडला होता. ते तिला फरपटत चार हात मागे नेतात न नेतात, तोच मी कोसळलो. सगळी पुलिया एकदम नाल्यात गेली. धुरळ्यानं काही दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा माझे दोन तुकडे झालेले होते.

केशवरावांनी शांताबाईला उचलून ऑटोत ठेवलं. "म्या ऐकलं नाई वो तुह्यं," एवढंच ते बोलले. रोशन तिला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

वस्तीतल्या लोकांनी दोन्ही बाजूंना बाभळीचे काटे टाकून मला बंद केलं. लेकरं नाल्यातून चालत शाळेत जाऊ लागली. केशवराव आणि उषा मॅडम कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागले. एका कचेरीत सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसरीत म्हणाले, त्या नंबरचा रस्ता तर तिकडे आहे, तो चांगला आहे. हिवाळा गेला. उन्हाळा आला. पुन्हा पाऊस येईल, नाला भरेल, आणि लेकरं? या विचारानं माझे दोन्ही तुकडे रोज घाबरत होते.

शेवटी शांताबाई स्वतः कुबडी घेऊन त्यांच्यासोबत गेली. तिथं काय झालं ते उषा मॅडम परतताना माझ्या कडेला थांबून रोशनला सांगत होत्या, म्हणून मला कळलं. साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, "रस्त्याचा नंबर काय?"

शांताबाई म्हणाली, "नंबर नाई, साहेब. रोड हाय. लेकरं जातात त्याच्यावरून."

दुसऱ्या आठवड्यात साहेब स्वतः आले, बूट काढून नाल्यात उतरले आणि वर पाहत उभे राहिले. पाऊस लागायच्या आधी सिमेंटचे मोठे पाइप आले, मुरूम पडला, लोखंड बांधलं गेलं. आता माझे दोन्ही तुकडे जोडले आहेत. पुलिया साधीच आहे, पण भक्कम आहे. रोशनची ऑटो पुन्हा येते. शांताबाई लंगडत शेळ्या घेऊन जाते. केशवराव तिला पाहिलं की गाडी थांबवतात आणि ती पार होईपर्यंत थांबून राहतात.

नंबर मला परत मिळाला नाही. आता मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण भीती गेलेली नाही. जोराचा पाऊस लागला की मी अजून खालचे खडे सुटतात का ते कान देऊन ऐकत राहतो.

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ माझ्यासारखा एखादा रस्ता असेल, कुणाच्याच नावावर नसलेला. तुम्ही रोज त्याच्यावरून जात असाल. पूर येऊन गेला की मोठ्या माणसांना सोबत घेऊन त्याची पुलिया नीट पाहून या. खाली भेग दिसली, दगड निखळलेले दिसले, तर घरी सांगा, शाळेत सांगा, आणि कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आम्हा रस्त्यांना सगळं कळतं. फक्त ओरडता येत नाही.